नोव्हा लाइनवरून सुटतच नाही, मदत हवी आहे (ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची शर्यत)

नोव्हा७२
मंडळी, ड्रॅग रेसिंगमधलं कोणी आहे का इथे? इंग्रजी फोरमवर विचारलं की "आधी सर्च कर" म्हणून हाकलतात, म्हणून इथे टाकतोय. ७२ ची शेवी नोव्हा आहे, ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन, कॅम बदललाय, हेडर्स (मोकळे एक्झॉस्ट पाइप) टाकलेत, वर होलीचा ७५० कार्ब (कार्बोरेटर). आवाज असा की गल्लीतले सगळे खिडकीत येतात, पण ट्रॅकवर क्वार्टर माइल (पाव मैल) १४.३ सेकंदांच्या खाली यायचं नाव नाही. परवा शेजारच्या लेनमधली कॅमरी पुढे गेली हो. कॅमरी! आणि नेमका मेहुणा बघायला आलेला. आता ७५० काढून ८५० टाकावा म्हणतोय, पेट्रोल जास्त मिळालं की पळेल ना? सेल शनिवारी संपतोय, कोणता घेऊ तेवढं पटकन सांगा.

डेट्रॉईटकर
पटकन काही सांगता येणार नाही. टाइम स्लिप (ट्रॅकवर मिळते ती वेळांची चिठ्ठी) टाक. नुसत्या ईटीवरून (पूर्ण अंतराच्या वेळेवरून) काय कळणार, पहिल्या साठ फुटांचा टाइम किती, शेवटी स्पीड किती? टायर कुठले? मागचा गिअर रेशो? ऑटो आहे की मॅन्युअल हेही लिहिलेलं नाहीस. आणि सोडताना गाडी दबते (इंजिन गुदमरतं) की जागेवर चाकं फिरतात? या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत.

मनमौजी
८५० अजिबात घेऊ नका. ३५० घनइंच गुणिले ६००० आरपीएम भागिले ३४५६, उत्तर ६०८ सीएफएम (मिनिटाला तेवढे घनफूट हवा), तेसुद्धा सिलिंडर शंभर टक्के भरला असं धरून, जो भरत नाही. म्हणजे तुमचा ७५० च मोठा आहे. खरं सांगू का, आजच्या काळातही लोक जेट आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात याचं नवल वाटतं. मी कार्ब काढून ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) बसवलं, थंडीत एका सेल्फमध्ये चालू, पेट्रोलचा वास नाही, सौ. पण खूश.

कोल्हापूरचा_आरएक्स
दादा वजन कमी करा की आधी. आमच्या इथं आरएक्स १०० चं मडगार्ड, साइड स्टँड, आरसे सगळं काढूनच लावतात. ९८ सीसीची गाडी पण पोर्ट नीट घासलं आणि सायलेन्सर बदलला तर भलेभले मागं पडतात. मागची सीट, स्टेपनी, एसी असला तर तो, सगळं खाली उतरवा.

नोव्हा७२
@डेट्रॉईटकर, ऑटो आहे, टर्बो ३५० गिअरबॉक्स. मागचं सगळं कंपनीचंच आहे. टायर नवेच आहेत, पांढऱ्या अक्षरांचे. स्लिप अशी: रिअॅक्शन (हिरव्या दिव्यानंतर निघायला लागलेला वेळ) ०.६१२, साठ फूट २.४१, ईटी १४.३१, स्पीड ताशी १०२.८ मैल. रिअॅक्शन सुधारला तर ईटी पण सरळ अर्धा सेकंद कमी होईल ना? म्हणजे १३.८ तसाच पडला.

@कोल्हापूरचा, एसी नाहीच. मागची सीट काढली तर मुलं कुठे बसवू.

डेट्रॉईटकर
नाही होणार. ईटीचं घड्याळ हिरवा दिवा लागला की नाही, तुझं पुढचं चाक स्टेजच्या बीममधून (स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणातून) बाहेर पडलं की सुरू होतं. हिरवा लागल्यावर चहा पिऊन निघालास तरी ईटी तोच येईल. रेस हरशील, तो भाग वेगळा.

आता नीट वाच. ड्रायव्हर धरून गाडी ३४५० पौंडांची धरली आणि शेवटी १०२.८ चा स्पीड आहे, तर जुन्या हिशोबाने (स्पीड भागिले २३४, त्याचा घन, गुणिले वजन) साधारण २९० हॉर्सपॉवर येते. एवढ्या पॉवरची एवढ्या वजनाची गाडी १३.३ च्या आसपास जायला पाहिजे. तू जातोयस १४.३. म्हणजे इंजिन त्याचं काम करतंय आणि एक अख्खा सेकंद तू सुरुवातीलाच सांडतोयस. साठ फुटांना २.४१ हा आकडाच ओरडून सांगतोय. तिथे सेकंदाचा दहावा हिस्सा वाचवला तर शेवटी दीडपट, कधी दुप्पट वाचतो. कार्बला हात लावू नकोस. ८५० चे पैसे खिशात ठेव.

आणि मी विचारलेलं राहिलंच. दबते की फिरतात?

एडिसन_काका
नोव्हा पाहून बरं वाटलं. पळवतोस कुठे? आमच्या वेळी एडिसनहून अर्ध्या तासात इंग्लिशटाउनला रेसवे पार्क गाठायचो, शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला दांडी मारून. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी तिथलं ड्रॅग रेसिंग बंद केलं आणि न्यू जर्सीतला रेसवाला पोरका झाला. मग अॅटकोचा ट्रॅक पण गेला.

मनमौजी
काका, तिथेच २००८ मध्ये रेसर स्कॉट कलिटाचा अपघात झाला ना, त्यानंतरच क्वार्टर माइल बंद करून हजार फूट केलं.

एडिसन_काका
हो तिथेच, जून महिन्यात. पण हजार फूट फक्त टॉप फ्यूल आणि फनी कार या सगळ्यात वेगवान वर्गांना, बाकीचे बहुतेक अजून १३२० फूटच (क्वार्टर माइल) पळतात. अर्धवट माहिती नको.

मनमौजी
मी कुठे सगळ्यांना म्हटलं?

नोव्हा७२
काका, मी आयलंड ड्रॅगवेला जातो, ग्रेट मेडोजला.

@डेट्रॉईटकर, फिरतात. बर्नआउट (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं) पण मस्त होतो, पाण्यात थांबून चांगला धूर काढतो, व्हिडिओ आहे. उजवीकडून जास्त निघतो धूर. आणि सोडताना मागून धडधडधड असं काहीतरी होतं एक-दोन सेकंद, मग सरळ पकडते. ते टायर नवीन असल्यामुळे असेल. ऑटो गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर २८०० आरपीएमचा टाकायला सांगितलंय एकाने, तो टाकू का?

डेट्रॉईटकर
अरे हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं!! उजवीकडूनच धूर म्हणजे बहुतेक मागचं डिफरन्शियल ओपन आहे, पॉझी (दोन्ही चाकांना ताकद देणारं) नाही. सोडताना शाफ्टच्या पिळाने डावं चाक खाली दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं, ओपन असेल तर सगळी ताकद त्या हलक्या चाकाकडे पळते, ते बिचारं फिरत बसतं. तुझी आठ सिलिंडरची गाडी एका चाकावर सुटतेय. त्यात कन्व्हर्टर टाकून सुटतानाचा टॉर्क आणखी वाढवलास तर धूर वाढेल, टाइम नाही.

आधी तपास. पुढच्या चाकांना लाकडं लाव, मागून दोन्ही बाजू उचलून स्टँडवर ठेव (नुसत्या जॅकवर नको), गिअर न्यूट्रल. एक चाक हाताने फिरव. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर ओपन. मग दुसरं चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांग, आपलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोज, तोच तुझा गिअर रेशो. शाफ्टवर खडूची रेघ मारून ठेव, नाहीतर मोजताना गडबड होते.

पार्ल्याचा_पक्या
एक शंका, रागावू नका. या सगळ्यात जेवढा खर्च झाला तेवढ्यात जुनी टेस्ला परफॉर्मन्स आली असती की, बारा सेकंदांच्या आत, एसी लावून, मुलं मागे बसवून.

एडिसन_काका
पक्या, तू लग्नाच्या पंगतीत पण डाएटबद्दल बोलत असशील.

कोल्हापूरचा_आरएक्स
😂😂 काका

नोव्हा७२
केलं. मेहुण्यालाच धरायला बसवलं. दुसरं चाक उलटं फिरतंय. शाफ्ट तीन आणि थोडा जास्त. म्हणजे ३.०८ का? तर आता ३.७३ टाकू की ४.१०? ऑफिसला पण याच गाडीने जातो कधी कधी, ताशी ६५ मैलांनी हायवेवर. आणि मग ८५० नक्की नको ना?

मनमौजी
गिअर बदलणारच आहात तर ते टेन बोल्ट (कंपनीचा मागचा एक्सल) फेकून फोर्डचा नऊ इंची एक्सल टाका, एकदाच काय तो खर्च. पुढे कधी नायट्रस (पॉवर वाढवणारा गॅस) टाकलं तरी चिंता नाही.

डेट्रॉईटकर
शेवीत फोर्डचा एक्सल, तोही तेरा सेकंदांच्या गाडीला! लोक टाकतात, मला माहितेय, दहा सेकंदांच्या गाडीला टाकतात. ७१ पासूनच्या नोव्हाला साडेआठ इंची टेन बोल्ट आहे, तो एवढ्यासाठी भक्कम आहे.

@नोव्हा, हो ३.०८. आता हिशोब, टायर २६ इंची धरून. ६५ च्या स्पीडला तुझं इंजिन सध्या २६०० च्या आत आहे, ३.७३ ला ३१०० च्या थोडं वर जाईल, ४.१० ला ३४५० च्या जवळ. टर्बो ३५० ला ओव्हरड्राइव्ह नाही, त्यामुळे ४.१० घेऊन रोज ऑफिस म्हणजे डोकं उठेल. ट्रॅकच्या शेवटी ३.७३ ला साधारण ५०००-५३०० येतील, तुझ्या कॅमला ते ठीक. ३.७३ आणि पॉझी, एकदाच उघडायचं, एकदाच बेअरिंग बदलायच्या.

आणि ते धडधड म्हणजे व्हील हॉप, टायर नवीन असल्याचा काही संबंध नाही. नोव्हाला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, सोडताना एक्सल पिळतो, पाटा एस सारखा वाकतो, सुटतो, परत वाकतो. तसंच चालू ठेवलंस तर एक दिवस काहीतरी तुटून हातात येईल. कॅलट्रॅक (एक्सलचा पीळ रोखणारे बार) बसव, किंवा पैसे कमी असतील तर साधे ट्रॅक्शन बार. आधी पाट्यांचे बुश बघ, पन्नास वर्षांचं रबर आहे ते.

मनमौजी
साधे बार कशाला सुचवताय, जमिनीला घासतात, मी काढून टाकले.

डेट्रॉईटकर
तुम्ही काढले कारण तुम्ही गाडी खाली बसवलीय. फोटो पाहिलेत मी.

अदिती_एन_जे
धागा हायजॅक करतेय, सॉरी. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, आयलंडला एकदा बाबाबरोबर जाऊन आल्यापासून हेच डोक्यात. ज्युनिअर ड्रॅगस्टर (मुलांची छोटी रेसगाडी) पाचव्या वर्षापासून चालवता येतो म्हणे, कोणाचा अनुभव? आजी म्हणते भरतनाट्यमला घाला.

एडिसन_काका
दोन्हीला घाल. शर्ली मल्डाउनी १९७७, १९८० आणि १९८२, तीनदा टॉप फ्यूलची चॅम्पियन झाली, बायका चालवत नाहीत असं कोणी म्हणालं तर हे सांग. मुलं अर्ध्याच अंतरावर पळतात, एक अष्टमांश मैल. वेगळा धागा काढ, लिहितो.

डेट्रॉईटकर
@नोव्हा, टायरचं राहिलं. ते पांढऱ्या अक्षरांचे शोसाठी ठेव, मागे दोन ड्रॅग रेडियल (चिकट रबराचे रेसिंग टायर) घे, १८-२० पीएसआयपासून सुरू कर. आणि पाण्यात थांबून बर्नआउट बंद. पाण्याच्या बाजूने वळून पुढे जा, कोरड्यावर थोडं फिरव, टायर स्वच्छ झाला की बास. पाण्यात थांबलास की टायर पाणी उडवून फेंडरच्या आत साठवतो आणि मग तेच स्टार्ट लाइनवर ठिबकतं, मागचे लोक शिव्या देतात.

एडिसन_काका
आणि १३.९९ किंवा त्याखाली गेलास की एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमाने हेल्मेट लागतं बरं का, आधीच घे, नाहीतर पहिल्या चांगल्या रनलाच हाकलतील. पुढेमागे स्लिक (नक्षी नसलेले रेसिंग टायर) लावलेस तर शाफ्टला लूप (शाफ्ट तुटला तर खाली पडू न देणारं कडं) पण. रेडिएटरच्या ओव्हरफ्लोला डबा आहे का?

नोव्हा७२
डबा आहे. हेल्मेट मेहुण्याकडे आहे, बुलेटचं, तेच चालेल ना?

एडिसन_काका
नाही चालणार, आत स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं लेबल लागतं, आणि ते किती सालचं तेही बघतात.

नोव्हा७२
बरं. पॉझी आणि ३.७३ ऑर्डर केलं आत्ताच, बार पगार झाल्यावर. आता हे बसवायला एडिसन-पिस्काटवेच्या बाजूला कोणी भरवशाचा माणूस आहे का? मागच्या एकाने रिंग-पिनियन (डिफरन्शियलचे गिअर) असं बसवलं होतं मित्राच्या गाडीत की ४० ला शिट्टी वाजायची.

एडिसन_काका
आहे एक म्हातारा, फोन उचलत नाही, दारातच जाऊन उभं राहावं लागतं. व्यनि (खाजगी निरोप) करतो. पाटे पण त्यालाच दाखव.