दार लागलं की कुत्रा गळा काढून रडतो, काय करू?

शेरूचीताई:
नमस्कार मंडळी, आमचा शेरू दत्तक घेतलेला आहे, वय साधारण तीन. घरात कुणी असलं की इतका शांत की घरात कुत्रा आहे हेही कळत नाही, पण मी बाहेर पडले की संपलं सगळं. शेजारच्या काकू सांगतात की दार लागल्या लागल्या गळा काढतो आणि थांबायचं नाव नाही. परवा आले तर दाराची चौकट खालून पार ओरबाडलेली, एका नखातून रक्त आलेलं आणि उंबऱ्यापाशी फरशी लाळेने ओली. आधी मी घरूनच काम करायचे, ऑफिस सुरू झाल्यापासून हे चालू झालंय. घरचे म्हणतात लाडावलाय, दोन रट्टे दे म्हणजे सरळ होईल. मला हे अजिबात पटत नाही पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाहीये. निघताना खाऊ ठेवते तर त्याला तोंडही लावत नाही, मी परत आले की मग खातो. कुणाला अनुभव आहे का, प्लीज सांगा.

भूभूप्रेमी:
ताई क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, घ्या आणि जाताना त्यात ठेवा, निदान दार तरी वाचेल. नाहीतर अजून एक कुत्रा आणा, सोबत झाली की रडणार नाही.

मोत्याची_आई:
दादा, राग मानू नका पण क्रेट नको. घाबरलेला कुत्रा बाहेर पडायला गज चावतो, दात तुटतात, नखं उपटून निघतात, आणि शेरूने तर आत्ताच नखातून रक्त काढलंय. दुसरा कुत्रा आणूनही बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण त्याला दुसऱ्या कुत्र्याची सोबत नसणं नाही खुपत, घरात माणूस नाही ते खुपतंय.

ताई, कंटाळलेला कुत्रा चपला, उशा, सापडेल ते फाडतो. हा फक्त दारावर तुटून पडतोय, लाळ गाळतोय, खाऊला शिवत नाहीये, म्हणजे खोडी नाही ही, जीव घाबरा होतोय त्याचा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासमोर जेवणाचं ताट ठेवलं तर घास उतरेल का, तसं आहे हे. मारून तर भीती अजून वाढेल. आणि घरचे म्हणतील बघ कसा अपराध्यासारखा बसलाय, तर 2009 मध्ये कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी यावर प्रयोग केला होता, त्यात दिसलं की तो चेहरा कुत्र्याने खरंच काही केलंय का यावर ठरत नाही, मालक रागावला की तसा होतो. हे घरी नक्की सांगा.

आता करायचं काय, तर आधी जुना फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा आणि नक्की कितव्या मिनिटाला, किंवा कितव्या सेकंदाला, त्याची घालमेल सुरू होते ते बघा. जीभ ओठांवरून फिरवणं, सारख्या जांभया, दार ते खिडकी येरझाऱ्या, हे रडण्याच्या आधीच दिसतं. बाहेर जाऊन परत यायचा सराव ही घालमेल सुरू व्हायच्या आतच करायचा. तो वीस सेकंद शांत राहत असेल तर दहा सेकंदांत परत या, हळूहळू वाढवा, मधेच एखाद्या वेळी कमीही करा नाहीतर त्याला कळतं की दर वेळी जास्तच होणार. किल्ली उचलून सोफ्यावर बसा, बूट घालून चहा करा, म्हणजे या आवाजांचा अर्थ पुसट होत जाईल. आणि त्याला जवळ घेतलं तर भीती वाढेल वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका, धीर दिल्याने भीती वाढत नाही.

वेळ लागतो, महिने लागू शकतात. पण होतं.

शेरूचीताई:
खूप खूप धन्यवाद, वाचताना रडू आलं. पण सरावात दहा सेकंद आणि प्रत्यक्षात ऑफिसला आठ तास, याचं काय करू?

रानवारा:
हाच खरा कळीचा मुद्दा आहे. सराव चालू असताना त्याला पूर्ण घाबरेपर्यंत एकटं सोडलं की मिळवलेल्या बऱ्याच गोष्टींवर पाणी सोडावं लागतं. म्हणून तेवढे दिवस कुणीतरी सोबत असेल असं बघा, घरातल्यांच्या वेळा आलटून पालटून, काकूंना विचारा, डॉग सिटर किंवा डे केअर, किंवा ऑफिसमध्ये काही दिवस घरून कामाचं बोला. काकू त्याच्या ओळखीच्या असतील तर उत्तमच, बऱ्याच कुत्र्यांना कुणीही माणूस चालतं, फक्त एकटं नको असतं.

आणि व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, जाच. नख दाखवायचंच आहे, शिवाय दुखणं किंवा लघवीचं इन्फेक्शन नाही ना तेही बघून होईल. रेकॉर्डिंग त्यांना दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा लवकर कळतं. त्रास इतका असेल तर औषधाचं मोकळेपणाने विचारा. फ्लुओक्सेटीन आणि क्लोमिप्रामीन कुत्र्यांच्या याच त्रासासाठी वापरतात, पण असर दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत काही होत नाही म्हणून बंद करू नका, आणि मनाने माणसांची गोळी तर मुळीच देऊ नका. नुसती गुंगी आणणारं औषध देत असतील तर विचारा की याने भीती कमी होणार आहे का, कारण एसीप्रोमाझीनसारख्या औषधाने कुत्रा पडून राहतो पण आतली भीती तशीच असते.

मोत्याची_आई:
+१. अजून एक, खाऊ म्हणून पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, कुत्र्यांना ते विष आहे. पहिलं रेकॉर्डिंग झालं की इथे सांगा किती सेकंदांवर घालमेल सुरू होते, सराव कुठून सुरू करायचा ते बघू.