१९२९ च्या आधी अमेरिकेत एवढी चलती होती, मग कोसळलं कसं?

जळगाव_पालक: पोरगी विचारतेय, शेअर बाजार पडला तर गावाकडचा माणूस का उपाशी राहिला? मला नीट सांगता येईना, कोणी समजवा ना भो.

चोपड्याचा_कापूसवाला: भाऊ, चलती शहरात होती. मोटार, रेडिओ सगळं हप्त्यावर, शेअर पण १० टक्के भरून बाकी उधारीवर घ्यायचे. शेतकरी तर पहिल्या महायुद्धानंतर १९२० पासूनच बुडत होता, युद्धात कर्ज काढून जमिनी घेतल्या अन् नंतर भाव पडले. कापूस १९२९ ला पाउंडाला साधारण १७ सेंट होता तो १९३१ ला ६ च्या आत आला, आपल्याकडं कपाशीचा भाव पडला की घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

धुळेकर: त्यात बँका बुडाल्या, १९३० ते ३३ मध्ये जवळपास ९०००. ठेवींना विमाच नव्हता, तो १९३३ च्या कायद्यानं आला. कामगारांत चारातला एक बेकार.

चोपड्याचा_कापूसवाला: अन् १९३३ ला भाव चढावा म्हणून सरकारनं पैसे देऊन सुमारे १ कोटी एकर उभी कपाशी नांगरून टाकायला लावली. पैसा बहुतेक जमीनमालकाकडं गेला, बटाईनं कसणाऱ्याच्या हाती फार थोडा आला. हे वाचून जीव तुटतो राव.

जळगाव_पालक: आता कळलं, आज रात्रीच तिला सांगतो.