बॉबिन लेससाठी तार कुठली घ्यावी? सल्ला हवाय

धागा:
सुती धाग्याची बॉबिन लेस (उशीवर टाचण्या टोचून, बॉबिनवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून नेत केलेली जाळी) बरीच केलीये, टॉर्शॉन हा तिचा साधा भौमितिक प्रकार हातात बसलंय. आता तारेचं ब्रेसलेट करायचंय. घरात तांब्याची तार आहे, रिळावर नुसतं ३० लिहिलंय. ती कडक आहे आणि टाचणीपाशी दोन-चारदा वळवली की तुटते. कुठल्या धातूची, किती जाडीची घेऊ? नेहमीचे लाकडी बॉबिन चालतील का? आणि पॅटर्न (टाचण्यांच्या जागा दाखवणारा उशीवरचा कागद) आहे तोच ठेवू की मोठा करू?

प्रतिसाद:
आधी त्या ३० कडे बघू नका, मिलीमीटर बघा. अमेरिकन गेजमधली (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे नंबर) ३० नंबर म्हणजे साधारण ०.२५ मिमी, ब्रिटिश गेजमधली ३० म्हणजे ०.३१ च्या वर, आणि लेसमध्ये एवढा फरक हाताला लगेच कळतो. सुरुवातीला ०.२ मिमी घ्या. मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला वापरतात ती इनॅमल (पातळ वार्निशसारखा थर) चढवलेली तांब्याची तार मस्त, मऊ असते आणि काळीही पडत नाही. चांदी वापरायची तर शुद्ध ९९.९ ची, ९२.५ ची जास्त कडक असते. पितळ पहिल्याच कामाला नकोच.
तुटण्याचं कारण म्हणजे धातू जितका वाकवाल तितका कडक होत जातो, मग ठिसूळ होतो. साधी तांब्याची तार तापवून परत मऊ करता येते, पण इतकी बारीक तार ज्योतीत सहज वितळू शकते, आणि इनॅमलवाली तर तापवायचीच नाही, थर जळतो आणि धूर वाईट असतो. त्यापेक्षा मऊ तार विकत घेतलेली बरी.

प्रतिसाद:
बॉबिन लाकडीच चालतील गं, फक्त मान (तार गुंडाळायचा भाग) जरा जाड असलेले बघ. भरताना रीळ फिरव आणि तार सरळ येऊ दे. रीळ उभं ठेवून वरून ओढलीस तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ चढतो आणि तो पुढे काम करताना मध्येच गाठीसारखा उभा राहतो. हिच (तार सुटू नये म्हणून मानेवर घालतात तो फास) घट्ट ओढायची नाही, तिथे मोड पडतो. मी हिचऐवजी मानेवर बारीक रबर बँड लावते.

धागाकर्ती:
आणि टेन्शन, म्हणजे ताण? धाग्यात सगळे टाके झाले की बॉबिन ओढून नीट बसवते, तसंच ना?

प्रतिसाद:
नाही, इथेच सगळा फरक आहे. धागा नंतर ओढून सरळ होतो, तार जिथे वाकली तिथेच राहते. त्यामुळे प्रत्येक क्रॉस (दोन जोड्यांतल्या आतल्या तारा एकमेकींवरून नेणं) आणि ट्विस्ट (एका जोडीतल्या दोन तारांना पीळ देणं) करतानाच तार हव्या त्या जागी ठेवायची, दोन्ही जोड्या हलक्या हाताने सारख्या ताणायच्या आणि मगच पुढचा टाका. वळसा छोटा दिसला की लगेच थांबून बोटाने उघडायचा, ओढला तर तो आवळून कायमचा मोड होतो आणि तार तिथेच तुटते. उसवायचंही शक्यतो टाळ. हे हळू होतं, पण डोळ्यांसमोर जाळी उभी राहते तेव्हा फार सुंदर दिसतं, खरंच.
पॅटर्न मोठाच कर. पेन्सिलीवर १ सेंमीमध्ये ०.२ ची तार ५० वेढे बसते, तेवढेच वेढे बसणाऱ्या धाग्याचा पॅटर्न काढ आणि त्याहूनही मोठा कर, कारण धागा दबतो, तार दबत नाही. हाफ स्टिच (एक क्रॉस, एक ट्विस्ट, विरळ जाळी) आणि वेण्या तारेत खुलतात. दाट क्लॉथ स्टिचचा (विणलेल्या कापडासारखा भरगच्च टाका) लांब पट्टा मात्र पहिल्या कामात नको. उशी घट्ट हवी आणि टाचण्या जाड, बारीक टाचणी तारेच्या ताणाने वाकते.

प्रतिसाद:
जरीचा धागा का नाही वापरत? जुन्या काळी सोन्याचांदीची बॉबिन लेस करायचेच की.

प्रतिसाद:
करायचे, १६व्या-१७व्या शतकात जिनोआ, मिलान वगैरे ठिकाणी, पण त्यात रेशमावर चपटी पट्टी गुंडाळलेली असायची, म्हणजे काम धाग्यासारखंच. छान दिसते, पण उशीवरून काढली की तीही मऊच पडते. तारेची लेस नंतर हातानेच गोल वळवता येते, ब्रेसलेटला तेच हवंय.

धागाकर्ती:
पटलं. ०.२ ची इनॅमलवाली मागवते, आधी चार जोड्यांची पट्टी करून बघते. टोकं कशी संपवायची?

प्रतिसाद:
दोन-दोन तारा मिळून तीन-चार पीळ दे, कापून उरलेलं टोक चिमट्याने आत वळवून दाबून टाक, नाहीतर मनगटाला टोचेल. कापताना टोक बोटाने धरून ठेव आणि चष्मा लाव, तुकडा उडून डोळ्यात जातो.