सुटला तरी रावडी शीट: मग निर्दोष म्हणायचं कुणाला?

शहापूरवाला: आमच्या बेळगावातल्या गल्लीतला पोरगा. मारामारीत नाव घातलं, सहा वर्षं तारखा खाल्ल्या, शेवटी सुटला. तरी गणपती जवळ आले की स्टेशनातून फोन, 'परेडला ये.' निकालाची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतो, उघडून कोण बघत नाही. रावडी शीट, म्हणजे पोलिसांकडची गुंड म्हणून नोंद, तशीच. गुन्हा शाबित होईस्तोवर माणूस निर्दोष म्हणतात. ह्याचा तर शाबितच झाला नाही की!

खानापूर रोड: निकाल वाचलासा काय? 'संशयाचा फायदा' असेल. माझा चुलतभाऊ मार खाऊन अकरा दिवस दवाखान्यात होता. मारणारे सुटले, कारण पंच कोर्टात म्हणाला, 'सही माझी, पण काय लिहिलंय ते वाचलं नाही.' पोलिसांनी यादी ठेवली तर बिघडलं कुठं?

काळा कोट: पंचनामा कन्नडात, पंचाला कन्नड येत नाही. तो खरंच बोलला असेल की! त्याला वाचून न दाखवता सही घेतली, ती चूक तपासाची. तिचा भुर्दंड आरोपीनं का भरायचा? 1934 साली इंग्लंडात वुल्मिंग्टन नावाच्या शेतमजुराच्या हातून बायकोला गोळी लागली. तो म्हणाला चुकून सुटली. खालच्या कोर्टानं 'चुकून होती हे तूच दाखव' असा हिशेब लावून फाशीची शिक्षा सुनावली. 1935 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, ती रद्द केली: गुन्हा शाबित करायचं ओझं सरकार पक्षावर. आपल्याकडंही मूळ नियम तोच.

खानापूर रोड: पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, कलम 29 आहे, हुंडाबळीतही कोर्ट आरोपीचा गुन्हा गृहीत धरतं. तिथं कुठं गेला तुमचा नियम?

काळा कोट: तिथंही पाया सरकारनंच घालायचा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत संशयास्पद मृत्यू, त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ, एवढं दाखवल्यावर गृहीतक लागू होतं. रावडी शीटला कसला पाया? जुना एफआयआर!

हिंडलग्याची लेक: तुमची कलमं राहू देत. माझा भाऊ चौदा महिने हिंडलगा जेलात कच्चा कैदी होता, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत. 2022 च्या सरकारी आकड्यात देशातले 75.8 टक्के कैदी कच्चेच. भेटीला गेले की रिक्षावाला विचारायचा, 'काय केलं त्यानं?' काही केलं काय, असं कुणी विचारलं नाही. त्या सालात माझं जमलेलं लग्नही मोडलं.

खानापूर रोड: ताई, वाईट वाटलं. पण मार खाल्लेल्याच्या घरीही जाऊन बघा कधीतरी. त्यांना कोर्टातून काय मिळालं?

शहापूरवाला: त्यांना न्याय मिळू दे, कोण नको म्हणतंय. पण तो आमच्या पोराच्या खात्यातून का वळता करताय? वकीलसाहेब, शीट बंद करायला काय करायचं?

काळा कोट: शहरातलं असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल जोडून पोलीस आयुक्तांकडं अर्ज. नाही ऐकलं तर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट अर्ज.

शहापूरवाला: अर्ज कन्नडातच लिहायला लागणार न्हवं?

काळा कोट: मी लिहून देतो.

खानापूर रोड: पोराला वाचून दाखवा मात्र. नाहीतर तोही म्हणेल, सही माझी, पण...