मदत हवी आहे: सॅन्की आकृतीत परत येणारं कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) कसं दाखवायचं? १०० चे १०७ टक्के होतायत

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या टोमॅटो पेस्टच्या एका लहान कारखान्यात मी बॉयलर-युटिलिटी बघते. उष्णता कुठे कुठे जाते याची सॅन्की आकृती काढतेय (बाणाची जाडी प्रवाहाच्या प्रमाणात, कॅप्टन सॅन्कींनी १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढली ती पद्धत). शुक्रवारी मालकांना दाखवायची आहे.

ताशी आकडे: ब्रिकेट (दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या) २२० किलो, किलोला ३,८०० किलोकॅलरी, म्हणजे ८.३६ लाख. १० किलो दाबाची वाफ १,००० किलो, ६.६४ लाख. फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) ६० अंशांचं, निम्मं ९० अंशांचं कंडेन्सेट आणि निम्मं ३० अंशांचं ताजं पाणी, त्याचे ०.६० लाख. बॉयलरने दिले ६.०४ लाख, कार्यक्षमता ७२ टक्के. हिशेब जुळतो.

घोळ चित्रात आहे. इंधन १०० धरलं की बॉयलरमध्ये शिरणारे बाण १०७ भरतात. मालक लगेच विचारणार, वरचे सात आले कुठून? कंडेन्सेटचा बाण गाळावा तर माझा मुद्दाच जातो. उरलेलं निम्मं कंडेन्सेट आज गटारात जातंय. तेही परत आणलं तर ताशी ११ किलोच्या आसपास ब्रिकेट वाचतील. उष्णता शून्याऐवजी ३० अंशांपासून मोजून, म्हणजे ३० अंश आधार धरून पाहिला. ताज्या पाण्याचा बाण गेला, तरी १०३.६ उरतातच.

शिवाय इव्हॅपोरेटरमध्ये ७०० किलो पल्पची १२५ किलो पेस्ट होते. उडालेल्या ५७५ किलो पाण्याच्या वाफेतली उष्णता उपयोगी म्हणू की वाया?

प्रतिसाद

ताई, ३० अंशांचाच आधार ठेवा, १०३.६ बरोबर आहेत. तुम्ही हिशेबाची रेघ फक्त बॉयलरभोवती मारलीय. ती अख्ख्या कारखान्याभोवती मारा, कंडेन्सेट आतल्या आत फिरेल आणि बाहेरून येईल फक्त इंधन, १००. चिमणीपासून गटारापर्यंत बाहेर पडणारे सगळे बाण मिळूनही १००च भरायला हवेत. परतीचा बाण वेगळ्या रंगात मागे वळवून बॉयलरच्या तोंडाशी जोडा, त्यावर ३.६ लिहा. शेजारी गटाराचा बाण काढा. तोही ३.६, तितकाच जाड. मालकांना तेवढं पुरे.

इव्हॅपोरेटरच्या बाणावर 'वाया' लिहू नका, 'कंडेन्सरकडे' लिहा. पेस्ट घट्ट झाली, पण उष्णता त्या वाफेतच बाहेर गेली. उद्या दुसरा इफेक्ट (याच वाफेवर चालणारा इव्हॅपोरेटरचा पुढचा टप्पा) बसवायचा विषय निघाला तर हाच बाण कामाला येईल.