एक्केचाळिसाव्या वर्षी बॅलेची सुरुवात : टर्नआउट आणि गुडघ्यांविषयी मदत हवी आहे

माझे वय ४१ असून नृत्याचे कोणतेही शिक्षण मी घेतलेले नाही. बॅले शिकण्याची ओढ मात्र शाळकरी वयापासूनची आहे. कधी संकोचामुळे तर कधी सवड नसल्यामुळे ती मागे पडत गेली. गेले तीन महिने मी खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन, व्हिडिओ पाहून, प्लिए (गुडघे वाकवणे) आणि तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणे) यांचा सराव करते आहे. रंगमंचावर जाण्याची हौस नाही, परंतु बॅलेच्या नावाखाली करवून घेतला जाणारा नुसता व्यायामही मला नको आहे.

खरी अडचण टर्नआउटची आहे. पाय बाहेर वळवण्याची ही क्रिया खुब्यापासून व्हायला हवी, हे मला कळते. पण पहिल्या पोझिशनमध्ये टाचा जुळवून पावले एका सरळ रेषेत आणू लागले की खुबा तेवढा वळत नाही, उरलेला पीळ गुडघ्यांवर येतो आणि तळव्यांची कमान आतल्या बाजूला कलते. खुब्याच्या हाडांची ठेवण वाढीच्या वयातच ठरून जाते, त्यामुळे मला मर्यादा राहणारच, हे मी (थोड्या नाराजीनेच) स्वीकारले आहे. ही मर्यादा नेमकी ओळखायची कशी? प्लिए करताना गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो आहे, एवढी खूण पुरेशी आहे का?

उशिरा सुरुवात करण्याचा विषय निघाला की प्रसिद्ध बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव १७व्या वर्षी लेनिनग्राडच्या बॅलेशाळेत दाखल झाला, हे उदाहरण हमखास दिले जाते. तो त्याआधीच लोकनृत्य करत होता, हे सांगायचे मात्र राहून जाते. म्हणून मला अशा असामान्य कलावंतांपेक्षा, चाळिशीच्या आसपास पहिल्यांदा बारला (सरावात आधारासाठी धरायच्या आडव्या दांड्याला) हात लावलेल्या सामान्य माणसांचे अनुभव हवे आहेत.

पॉइंट शूजची (पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीच्या बुटांची) मला घाई नाही. एका पायाच्या चवड्यावर उभी राहिले तरी अजून घोटा डगमगतो.

वर्गात जायचे तर प्रौढ नवशिक्यांच्या गटात जावे, की आधी काही दिवस एकटीने शिक्षकांकडून पायांची ठेवण तपासून घ्यावी? आणि शिक्षक निवडताना, ते विद्यार्थ्याला टर्नआउट ओढूनताणून करायला लावणारे नाहीत, हे पहिल्या भेटीत कोणते प्रश्न विचारले असता कळेल?