फ्रेंच कुटुंबात राहायला जाताय? इथे लिहा

साखरभात:
भाची सप्टेंबरात फ्रान्समधल्या तूर शहरात चाललीय शिकायला. फ्रेंच कुटुंबात खोली, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. तिच्या यादीत आंघोळीचा प्लास्टिकचा मग दिसला आणि म्हटलं आता धागा काढायलाच हवा. तिथल्या बाथरूमला मोरीच नसते हो! फरशीला उतार नाही, जाळी नाही. बादली-मग करायचंच तर टबात बसून. बाहेर सांडलेलं पाणी फटीतून मुरतं, खालच्यांच्या छताला डाग, मग विम्याचे फॉर्म. टबाला पडदा असेलच असं नाही. शॉवर हातात धरायचा, त्याचं तोंड भिंतीकडे, शक्यतो बसून.

गरम पाणी टाकीतलं, साधारण २०० लिटर, आणि बऱ्याच घरी टाकी तापते ती रात्रीच्या स्वस्त विजेवर. शॉवरमधून मिनिटाला १०-१२ लिटर जातं. दोघं वीस-वीस मिनिटं उभे राहिले की तिसऱ्याला गार, आणि पुढचं गरम पाणी रात्रीनंतर. तोंडावर कोणी बोलणार नाही. पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं, कोण कधी आंघोळ करतं.

नॉर्मंडीकर:
तिला 'मेर्सी'चं, म्हणजे 'धन्यवाद'चं, सांगा आधी. वाढताना विचारलं आणि नुसतं मेर्सी म्हटलं की अर्थ होतो 'नको'. भांडं पुढे, पोर उपाशी. हवं असेल तर 'वी, व्होलाँतिए'. पुरे झालं तर 'मेर्सी, जे बियाँ माँजे'. पोट भरलं म्हणून 'ज स्वी प्लेन' मात्र अजिबात नाही, ते गाभण जनावराला म्हणतात.

चकलीचा_साचा:
गाभण 😂😂 हापिसात हसले मोठ्याने.
बरं, तूरमध्ये तूर मिळते का?

तिसरा_मजला:
तुरीचं नंतर, आधी कागद. लाँग स्टे व्हिसा असेल तर पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, ही तारीख चुकवू नका. बँकेत पत्त्याचा पुरावा मागतात. वीजबिल यजमानांच्या नावाचं, म्हणून तीन गोष्टी लागतात: 'ही आमच्याकडे राहते' असं सहीचं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत, तीन महिन्यांच्या आतलं बिल. तिन्ही एकदमच मागा, सुटं सुटं मागितलं की तेही वैतागतात. भाडं देत असाल तर नुसत्या पत्रावर थांबू नका, भाडेकरार घ्या. घरभाड्याच्या सरकारी मदतीचा अर्ज करायचा झाला तर त्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि ती छताच्या डागाची गोष्ट आली ना वर, त्यासाठी रेस्पाँसाबिलिते सिव्हिल विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा. यजमानही त्याचा कागद मागतात.

दाराआड:
दार!! बाहेरच्या बाजूला नुसता गोळा असतो, तो फिरत नाही. वाऱ्याने दार आपटलं की बंद, कचऱ्याची पिशवी टाकायला दोन मिनिटं गेलात तरी किल्ली खिशात हवी. आत असताना किल्ली कुलुपात अडकवून ठेवू नका. बऱ्याच कुलुपांत मग बाहेरून दुसरी किल्ली लागत नाही आणि रात्री घरचेच बाहेर उभे. कुलूपवाला रविवारी बोलावला तर काय घेतो ते विचारू नका.

कोथरूडची_मावशी:
भेट म्हणून पेढे द्यावेत की बर्फी? ताजे आहेत आमच्याकडचे.

नॉर्मंडीकर:
मावशी, दोन्ही नको. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नाही. तिळाच्या वड्या द्या, तूप न लावता. आणि तिथे गेल्यावर फुलं घेणार असेल तर शेवंती सोडून काहीही. १ नोव्हेंबरला ती कबरीवर वाहतात.

कोथरूडची_मावशी:
अगंबाई. शेवंती?? बरं झालं सांगितलंस बाळा.

पालकपनीर_विरहित:
शाकाहारी आहे का भाची? नुसतं 'व्हेजेटारियन' पुरत नाही, मासे चालतात असं धरून चालतात. 'नी व्हियांद, नी प्वासाँ' (मांस नाही, मासे नाहीत) आणि सूपमध्ये चिकनचं बुइयाँ, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, नको, हे वेगळं सांगायचं. कीशमध्ये (अंड्याची खारी पाय) लार्दाँ म्हणजे डुकराचे बारीक तुकडे असतात. मूस आणि मार्शमेलोच्या पाकिटावर 'जेलातीन' शोधा, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. कडक पाळणाऱ्यांनी हेही बघा: काँते, रॉकफोर, कामांबेर द नॉर्मंदी ही चीज करताना दूध जनावराच्या पोटातल्या रेनेटनेच विरजतात. चीजचं ताट एकदाच फिरतं, त्यात ब्रीच्या त्रिकोणाचं टोक कापून घेतलंत तर सगळे बघतील. मध्यापासून कडेपर्यंत लांब फाक काढायची. पाव ताटात नाही, टेबलावरच.

साखरभात:
@पालकपनीर, अंडी चालतात तिला. फोडणीचं काय करावं?

तिसरा_मजला:
२०१५पासून घरोघरी धुराचा अलार्म सक्तीचा आहे. मोहरी तडतडायच्या आधी पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार बंद. मिरची शेवटी, गॅस कमी करून. म्हणजे गॅस असला तर, इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर बॅगेतून काढाच, तापणारच नाही. स्टीलला लोहचुंबक चिकटला तर चालतो. खिडकीच्या वरच्या फटी कापडाने बुजवायच्या नाहीत, घराची हवा तिथूनच खेळते.

चकलीचा_साचा:
तुरीचं कोणी सांगेना 😏

दाराआड:
साध्या सुपरमार्केटात नाही. 'लाँतीय कोराय' घ्या, म्हणजे आपली मसूर डाळ. कुकर नको, पातेल्यात १५ मिनिटं. हिंग मात्र घरून, तीनदा पिशवीत गुंडाळून, नाहीतर अख्ख्या बॅगेला वास. आणि श्रीखंडाला चक्का शोधू नका, फ्रोमाज ब्लाँ (दह्यासारखं मऊ ताजं चीज) आणा, ० टक्के फॅटवालं सोडून. अर्धा किलो, फडक्यात बांधून चाळणीवर, फ्रिजमध्ये रात्रभर.

चकलीचा_साचा:
साखर किती?

दाराआड:
निथळून जेवढं उरेल त्याच्या निम्मी. फ्रेंच घरात असाल तर त्याहून कमी.